चिन्नोर आणि ‘स्थानिक’ हे विशेषण

विशेषण नामाला मर्यादित करते, असे आपण वर्गात शिकवतो. ती मर्यादा कोण आखतो, हा प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकात येत नाही. नागपुरातील एका सुपरमार्केटमध्ये ‘स्थानिक उत्पादकांकडून’ अशी पाटी पाहिली आणि तिच्याखाली चिन्नोर तांदळाची पिशवी दिसली, तेव्हा माझ्यासारख्या भंडाऱ्याच्या माणसाला आनंद होणे स्वाभाविक होते. पिशवीच्या मागे पॅकिंग करणाऱ्याचे नाव, पत्ता, महिना, वजन, किंमत असे सारे छापलेले होते. धान कोणत्या गावच्या बांधीत पिकले, एवढेच नव्हते. कायद्यालाही ते लागत नाही.

चिन्नोर हे आमच्याकडचे जुने सुवासिक धान. ते उशिरा निसवते, उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते आणि उतारा कमी देते. त्यामुळे अनेक जण ते घरापुरते, पाहुण्यांपुरते लावतात. वैनगंगेच्या वरच्या अंगाला असलेल्या बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, भंडाऱ्याच्या चिन्नोरला 2023 मध्ये. परंतु मानांकन म्हणजे भाव नव्हे. आधारभूत खरेदीत तर सुवासाला रकानाच नाही. 2025-26 च्या हंगामात साधारण धानाचा दर क्विंटलला 2,369 रुपये आणि ‘अ’ दर्जाचा 2,389 रुपये होता. हा दर्जाही दाण्याच्या आकारावरून ठरतो. तेव्हा सुवासाची किंमत मोजू शकणारा ग्राहक शहरातील त्या फळीसमोरच उभा आहे, हे मान्य करायला हवे. सुपरमार्केटला सरसकट नाकारणे मला म्हणूनच पटत नाही.

अडचण फळीपर्यंत पोचण्याची आहे. पवनी तालुक्यातील माझ्या परिचयाच्या एका शेतकऱ्याने अशा एका दुकानाकडे चौकशी केली होती. वर्षभर दर पंधरवड्याला ठरावीक माल, एकसारखा दाणा, अन्न परवाना, बारकोड, आणि पैसे माल पोचल्यावर सहा आठवड्यांनी, अशा अटी त्याला सांगण्यात आल्या. तो मला म्हणाला, “धान त वर्षातून एकदाच येते, सर. रोवणीवाल्या बायांले का मी दीड महिन्यानं पैसे देऊ?” या एका प्रश्नात साठवण, भांडवल आणि उधारी यांचे सगळे अर्थशास्त्र आले आहे. वर्षभराचा माल राखायचा तर गोदाम लागते आणि तोवर घर चालवायला पैसा लागतो. दोन एकरांच्या धन्याकडे दोन्ही नसते. मग ज्याच्याकडे असते, तो मधे उभा राहतो आणि पिशवीवर त्याचे नाव येते.

‘लहान’ या शब्दाचेही असेच. 2012 मध्ये बहुब्रँड किरकोळ व्यापारात परकीय गुंतवणुकीला परवानगी देताना किमान 30 टक्के खरेदी लघुउद्योगांकडून करण्याची अट घालण्यात आली. लघु म्हणजे यंत्रसामग्रीत दहा लाख डॉलरपर्यंत गुंतवणूक असलेला. पुढच्याच वर्षी ही मर्यादा वीस लाख डॉलर झाली आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थाही त्यात धरल्या गेल्या. म्हणजे कागदावरच्या लहानपणात एकटा धानकरी मावत नाही. तो संस्था होऊनच आत येऊ शकतो.

आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून तयार केलेला एचएमटी तांदूळ आज सर्वत्र विकला जातो. त्याला नाव मिळाले ते त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून. 2018 मध्ये दादाजी गेले. वाण दूरवर पोचले, कर्त्याचे नाव मात्र नागभीड तालुक्यातील नांदेड गावाच्या आसपासच अधिक राहिले. कर्ता आणि कृती यांच्या संबंधावर आपण तासन्‌तास बोलतो. हे उदाहरणही त्या चर्चेत यावे.

उपाय अगदीच नाहीत असे नाही. शेतकऱ्यांच्या गटाने स्वतः भरडाई करून माल राखावा, दुकानाने हंगामाच्या सुरुवातीला काही रक्कम आगाऊ द्यावी, आणि पिशवीवर पॅकिंगवाल्याच्या नावाशेजारी गटाचे व गावाचे नाव छापावे. यातले कोणतेही काम अशक्य नाही. आगाऊ रक्कम मिळाली, तर त्या शेतकऱ्याने गेल्या साली अर्ध्या बांधीत लावलेले चिन्नोर तो यंदा पूर्ण बांधीत लावील. नाहीतर घरापुरते बी ढोलीत ठेवून उरलेल्या जागी तो जास्त उताऱ्याचे वाण रोवील, आणि त्याला दोष देता येणार नाही.