पद्मिनीचे डावे चाक

जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाला सल्लागारांचा तुटवडा कधी पडत नाही. गाडी चालू असली म्हणजे ‘जरा स्टेशनपर्यंत सोडता का?’ असे विचारणारे शेजारीच ती बंद पडली की गॅलरीत उभे राहून ‘अहो, विकून का टाकत नाही?’ असे विचारतात. आमच्या सोसायटीत ही दोन्ही कामे एकच सद्‌गृहस्थ करतात आणि दोन्ही वेळी त्यांचा स्वर सारखाच आपुलकीचा असतो, हे मला कबूल केले पाहिजे.

आमची गाडी म्हणजे वडिलांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट अकराशे म्हणून जी गाडी तयार होई, तिलाच १९७४ च्या सुमारास हे राणीचे नाव मिळाले. त्या काळी गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आमच्या वडिलांनी नंबर लावला तेव्हा मी शाळेत होतो आणि गाडी दारात आली तेव्हा मला मिशा फुटल्या होत्या. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करीत आम्ही ती आजवर टिकवली आहे. वडील गेले, गाडी आहे.

गोष्ट २०२३ सालच्या दसऱ्याची. आदल्या दिवशी मंडईतून झेंडूची फुले घेऊन परत येत होतो. एका सिग्नलला थांबलो, हिरवा दिवा लागला, मी गियर टाकला, क्लच सोडला आणि गाडी जागची हलेना. इंजिन व्यवस्थित गुरगुरत होते, गियर पडला होता, पण चाके मात्र मख्ख. मागच्या वाहनांनी जो काय वाद्यवृंद सुरू केला तो विचारू नका.

मागच्या डाव्या चाकाचा ॲक्सल गेला होता. म्हणजे त्या दांड्याच्या आतल्या टोकाला जे दाते असतात ते झिजून सपाट झाले होते. आता कुणी म्हणेल, एका चाकाचा दांडा निकामी झाला, पण दुसरे चाक तर शाबूत होते ना? मग त्याने गाडी का ओढू नये? मीही मिस्त्रींना पूर्वी एकदा हेच विचारले होते. याचे उत्तर मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा लोंबत असतो, त्या डिफरन्शियलमध्ये आहे.

पालखीबरोबर चालणारी दिंडी चौकात वळताना पाहिली आहे का? आतल्या बाजूचे वारकरी जवळजवळ जागच्या जागी पाय हलवतात आणि बाहेरच्या कडेचे झपझप पावले टाकतात, तेव्हा कुठे रांग सरळ राहते. मोटारीचेही तसेच आहे. आमच्या गाडीच्या दोन चाकांत साधारण सव्वा मीटरचे अंतर. रस्त्यात पूर्ण मागे वळायचे म्हटले तर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जवळजवळ चार मीटर जास्त चालावे लागते. बैलगाडीला याची पंचाईत नाही, तिची चाके आपापली मोकळी फिरतात. पण इंजिनाने दोन्ही चाकांना फिरवायचे आणि वळताना त्यांना वेगवेगळी चालही द्यायची, ही किमया चार दातेरी चक्रांच्या त्या गोळ्यात साधलेली असते. ओनेसिफोर पेकर नावाच्या एका फ्रेंच कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती काढली. युक्ती मोठी नामी, पण तिचा स्वभाव अतिन्यायी. दोन्ही बाजूंना ती सारखाच जोर देते. एका बाजूला काही विरोधच उरला नाही, की दुसरीलाही तितकाच, म्हणजे शून्य! एका भावाने काम सोडले म्हणून दुसऱ्यानेही हात झटकावे, अशातला प्रकार.

आमचे नेहमीचे मिस्त्री नेमके गावी गेलेले. सणाचे दिवस. तेव्हा जवळच्याच एका गॅरेजात गाडी ढकलत नेली. त्यांनी कुठूनसा जुना पण ‘एकदम चांगला’ दांडा पैदा केला, दोन तासांत बसवला, वर तेलही भरून दिले. गाडी चालू लागली. फुलांचे तोरण संध्याकाळी का होईना, दाराला लागले.

आठ दिवसांनी सौभाग्यवतींनी वर्दी दिली, “अहो, गाडीखाली डाग पडलाय. डाव्या चाकाशी.”

मी वाकून पाहिले. चाकाच्या आतल्या बाजूने काळपट ओघळ आला होता. माझ्या मनात पहिली शंका आली ती ब्रेक ऑइलची. पण सौ.नी बोट लावून हुंगले आणि नाक मुरडले. “हे ब्रेकचं नाही. हिंगाच्या डबीत सडलेला लसूण ठेवावा तसा वास आहे.” स्वयंपाकघरातल्या नाकाचा निर्वाळा बरोबर होता. ब्रेकचे तेल पातळ असते. हे दाट होते, बोटांना चिकटत होते, आणि वास गंधकाचा. डिफरन्शियलच्या तेलात गंधकाची संयुगे मुद्दाम घातलेली असतात, कारण तिथे दात दातावर नुसता टेकत नाही, दाबून घसरतो. साध्या तेलाचा थर तिथे टिकत नाही.

तेल थोडे गळाले तर बिघडले कुठे, असे म्हणता आले असते. गळके नळ आणि गळकी छपरे घेऊन माणसे जन्म काढतात. पण हे तेल जिथे गळत होते तिथे त्याच्या पुढ्यात ब्रेकचा ड्रम होता. ब्रेक दाबला की गाडी किंचित उजवीकडे, म्हणजे नेमकी समोरून येणाऱ्या वाहनांकडे, ओढ घेऊ लागली होती.

आणि भाऊबीज तोंडावर आली होती.

आमच्या आईचे वय चौऱ्याऐंशी. तिचे थोरले बंधू, म्हणजे आमचे मामा, नव्वदीचे. ते राहतात माणगावच्या अलीकडे, निजामपूरच्या बाजूला. पूर्वी ते येत, आता त्यांना उंबऱ्याबाहेर पडवत नाही. म्हणून गेली काही वर्षे आई जाते. ताम्हिणी घाट उतरून, याच गाडीतून. काचा बंद करून गार हवा सोडणाऱ्या नव्या गाड्यांत तिला मुळशीपर्यंतच मळमळू लागते. पद्मिनीची काच हाताने खाली केली, वारा तोंडावर घेतला, की तिचा घाट सुखाचा होतो. चिरंजीवांनी भाड्याची गाडी ठरवतो म्हटले, तर आई म्हणाली, “अरे, त्या गाडीतून मी पोचेन, पण ओवाळायला उभी राहायची नाही.” सौ. म्हणाली, “ब्रेकची खात्री नसेल तर या गाडीतून घाटात कुणीच जायचं नाही.” दोघींचे म्हणणे खरे होते, आणि घरात असे झाले म्हणजे पुरुषाने गॅरेजात जाऊन बसावे, हे उत्तम.

मिस्त्री गावाहून परतले होते. त्यांनी गाडी सपाट जागी घेतली, पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागून जॅक चढवून खाली घोड्या दिल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणाऱ्या माणसाला ते आपल्या गॅरेजात उभे करीत नाहीत. चाक निघाले, ड्रम निघाला. आत सारे तेलाने न्हालेले. ब्रेकचे लायनर ओल्या वहाणेसारखे झालेले. दांडा ओढून काढला तेव्हा कारण हातात आले. दांड्याभोवती रबरी ओठाचे एक कडे असते, त्याला ऑइल सील म्हणतात. दांडा आत ढकलताना त्याच्या दात्यांनी सीलचा ओठ फाडला होता. घाई, दुसरे काय!

नवे सील आले. बसवले. लायनर मात्र मिस्त्रींनी लगेच बदलले नाहीत. “आधी गळती थांबली का बघू, नाहीतर नवे पण भिजतील,” असे म्हणून त्यांनी सारे धुऊन पुसून कोरडे केले. मग सौ.कडून पांढरी रांगोळी मागवली आणि चाकामागच्या पत्र्यावर सगळीकडे भुरभुरली. दिवाळीच्या आधीच आमच्या पद्मिनीची रांगोळी निघाली म्हणायची! मतलब असा, की तेल जिथून निघेल तिथून पांढऱ्यावर काळी रेघ उमटेल. अंदाजाने बोट दाखवायला नको. कर्वे रस्त्याने हळूहळू दहा-बारा किलोमीटर फिरवून आणली. रेघ उमटली होती. बरोबर मधल्या भोकातून, नव्या सीलमधूनच.

त्याच सुमारास वर्तमानपत्रांत बातमी आली, की ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावणार नाही. शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली होती. शेजारच्या सद्‌गृहस्थांनी ते पान मला मुद्दाम आणून दिले.

मिस्त्रींनी दांडा पुन्हा बाहेर काढला. चिंधीने पुसून त्यावरून त्यांनी नख फिरवले, मग माझे बोट धरून तिथे टेकवले. जिथे सीलचा ओठ टेकतो नेमके तिथे बांगडीसारखी बारीक खाच होती. आधीच्या कुठल्या तरी गाडीत वर्षानुवर्षे फिरून पडलेली. ओठ नवा असला तरी खाचेतून तेल वाट काढणारच. मी म्हटले, “दुसरा दांडा बघू या.” नाना पेठेत दोन दिवस पालथे घातले. एक मिळाला तो गंजलेला, दुसऱ्याचे दाते आमच्यासारखेच. अखेर मिस्त्रींनी वेगळा विचार केला. सीलच्या घरात आतल्या बाजूला थोडी जागा होती. सील नेहमीच्या जागेपासून दोनेक मिलिमीटर आत बसवले तर ओठ खाचेवर न येता शेजारच्या गुळगुळीत पोलादावर येईल. पण ते सगळीकडून सारखेच आत जायला हवे, तिरके झाले की संपले. एक सपाट लाकडी ठोकळा घेऊन ते त्यावर चहूबाजूंनी हलके हलके ठोके मारीत होते. मधेच थांबून पट्टीने मोजायचे. सुतार चौकट बसवतो तितक्या निगुतीने त्यांचे चालले होते.

दांडा घालताना दात्यांवर प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळला, ओठाला ग्रीस लावले, आणि पोराला बजावले, “वजन हातावर धर. सीलवर टेकू देऊ नकोस.” दांडा तोलून सरळ आत गेला.

एवढ्यावर मिस्त्री थांबले असते तरी मी समाधान मानले असते. पण ते पुन्हा गाडीखाली गेले. “सील खराब, दांड्याला खाच, ठीक. पण इतकं तेल जोरानं बाहेर का येतंय?” हा प्रश्न त्यांना सतावत होता. गोळ्याच्या बाजूला तेलाची पातळी पाहण्याचे भोक असते. त्याचा बोल्ट सोडताच तेल भळाभळा वाहू लागले. पहिल्या गॅरेजवाल्यांनी एक बाजू जॅकवर उचललेली असतानाच तेल भरले होते. गाडी कलती असली की तेल खालच्या बाजूच्या नळीत जाते, मधे कमी दिसते, आणि माणूस ओततच राहतो. चारी चाके सपाटीला टेकलेली असताना तेल भोकाच्या खालच्या काठाशी यावे, एवढाच त्याचा हिशेब.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक. गोळ्याला वरून हवा जाण्यायेण्यासाठी एक छोटी नळी असते. गाडी धावली की आतली हवा तापते, फुगते, तिला वाट हवी. आमच्या नळीचे तोंड पावसाळ्यातल्या चिखलाने लिंपून गेले होते. कोंडलेली हवा मग तेलालाच सीलमधून रेटत होती. मिस्त्रींनी तारेने ती मोकळी केली, तोंडाने फुंकून पाहिली, आणि पहिल्यांदाच हसले.

पुन्हा रांगोळी. पुन्हा फेरी, या वेळी पौडपर्यंत. पत्रा पांढराशुभ्र राहिला. तेव्हा कुठे त्यांनी लायनर बदलले, तेही दोन्ही बाजूंचे. एक नवा, एक जुना ठेवला तर गाडी ओढ घेणारच. जुने लायनर पेट्रोलने धुऊन स्टोव्हवर तापवले की चालतात, असे कुणीतरी सुचवले होते. मिस्त्री म्हणाले, “चालतात, साहेब. पण आजी बसणार ना गाडीत?”

भाऊबीजेला पहाटे निघालो. सौ. मागे बसली होती आणि काही बोलत नव्हती. ताम्हिणीच्या माथ्यावर मी गाडी थांबवली, मागचे चाक हाताने चाचपले. उन्हे अजून वर आली नव्हती. पत्रा कोमट होता, कोरडा होता. दुसऱ्या गियरात उतरायला लागलो. प्रत्येक वळणावर ब्रेक दाबला की सौ.ची नजर माझ्या हातातल्या चाकाकडे जात होती, ते मला आरशात दिसत होते. गाडी नाकासमोर उभी राहत होती. आईने काच खाली केली होती, पदर डोक्यावरून घेतला होता, आणि मामाच्या अंगणातल्या कोकमाला यंदा फळ कमी का धरले असेल, यावर ती स्वतःशीच काही बोलत होती.

मामांनी ओवाळून घेतले. ओवाळणीचे पाकीट त्यांनी उशीखाली आधीच ठेवलेले होते. जेवण झाल्यावर ते हळूच काठी टेकत अंगणात आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि डाव्या चाकापाशी थांबून म्हणाले, “अरे, हिच्या चाकावर रांगोळी कुणी सांडली?”