पाण्याची साक्ष

बाजारात नारळ घेणारा जाणता माणूस नारळ कानाशी नेऊन हलवून पाहतो. करवंटी फोडण्याची सोय नसते. आत पाणी किती, हे त्या पाण्यालाच विचारावे लागते. माणसाच्या मस्तकाची गोष्ट याहून कितीतरी अवघड आहे. सुमारे १४०० ग्रॅम वजनाचा मेंदू निसर्गाने कवटीच्या भक्कम पेटीत जपून ठेवला आहे. निरोगी माणसाला हे संरक्षण वरदानच होय. परंतु त्या पेटीच्या आत एखादी गाठ वाढू लागली, म्हणजे तीच पेटी वैद्याच्या दृष्टीला आड येते. डोके दुखते, नजर अंधुक होते, हातातली वस्तू गळून पडते, एखाद्याला फेफरे येऊ लागते. लक्षणे दिसतात, त्यांचे मूळ मात्र दिसत नाही.

१८९५ साली जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले, तेव्हा हा पडदा दूर होईल अशी आशा निर्माण झाली. पण त्या चित्रांत हाडे तेवढी स्पष्ट उमटत. मेंदूचा मऊ भाग धूसरच राही. १९१८ साली अमेरिकेतील बाल्टिमोरचे शस्त्रवैद्य वॉल्टर डँडी यांनी मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणचित्र घेण्याची युक्ती काढली. ती उपयोगी ठरली, परंतु असल्या उपायांत रोग्याला फार यातना सोसाव्या लागत. पुढे १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्राने, गणकयंत्राच्या साहाय्याने, एका स्त्रीच्या मेंदूचे छेदचित्र घेतले आणि तिच्या मेंदूतील गाठ कवटी न उघडता दिसली. ही फार मोठी मजल होती. तरीही तेथे क्ष-किरणच वापरावे लागत, आणि ते वरचेवर शरीरात सोडणे हिताचे नसते.

अशा वेळी शास्त्रज्ञांनी साक्षीला बोलावले ते पाण्याला. मेंदूचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याचाच असतो. पाण्यातील हायड्रोजनच्या प्रत्येक अणूचे केंद्र म्हणजे जणू एक इवलासा फिरता भोवरा, आणि तो भोवरा चुंबकासारखा वागतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाहून हजारो पटींनी बलवान अशा चुंबकात माणसाला निजवले, की यांपैकी काही भोवरे चुंबकाच्या दिशेला वळून उभे राहतात. मग नेमक्या लयीच्या रेडिओलहरी सोडून त्यांना क्षणभर कलते करावयाचे. लहरी थांबताच ते पूर्वस्थितीकडे परतू लागतात आणि परतताना एक क्षीण संदेश देतात. सगळीकडचे पाणी सारख्याच वेगाने परतत नाही. १९७१ साली रेमंड डमाडियन यांनी उंदरांच्या पेशीजालावर प्रयोग करून दाखवले, की गाठीतील पाणी निरोगी भागातील पाण्याहून सावकाश परतते.

पण संदेश कोठून आला, हे कसे कळावे? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील पॉल लाउटरबर यांनी शोधले. चुंबकाचे बळ सर्वत्र समान ठेवण्याऐवजी त्यांनी ते मुद्दाम एका बाजूस कमी व दुसऱ्या बाजूस अधिक ठेवले. त्यामुळे प्रत्येक ठिकाणच्या पाण्याचा स्वर निराळा झाला आणि स्वरावरून ठिकाण ओळखता येऊ लागले. पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचे त्यांनी घेतलेले चित्र १९७३ साली प्रसिद्ध झाले. ज्या नियतकालिकाने त्यांचा लेख छापला, त्यानेच तो प्रथम साभार परत केला होता!

याच सुमारास इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे पीटर मॅन्सफील्ड याच मार्गाने चालले होते. पंधराव्या वर्षी शाळा सोडून छापखान्यात उमेदवारी करणारा हा मुलगा. शास्त्र हा तुझा विषय नव्हे, असे त्याला शाळेतच सांगण्यात आले होते. रात्रीच्या वर्गांत शिकून तो विद्यापीठापर्यंत पोचला. चित्र झपाट्याने घेण्याची गणिती रीत त्यांनीच घालून दिली. १९७८ साली माणूस मावेल असे यंत्र तयार झाले, तेव्हा त्यात हृदयाला अपाय होईल अशी भीती घातली गेली होती. मॅन्सफील्ड यांनी आकडेमोड पुन्हा तपासली आणि ते स्वतःच यंत्रात शिरले. दुसऱ्याला पुढे करणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. २००३ साली लाउटरबर व मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आज ‘एम. आर. आय.’ या नावाने सर्वत्र परिचित असलेले हे यंत्र पाण्याला कितीतरी प्रश्न विचारते. जत्रेच्या दाटीत माणसाला मोकळेपणाने चालता येत नाही. तसेच पेशींची दाटी झालेल्या गाठीत पाण्याची हालचाल अडखळते. ती अडखळ या चित्रात उमटते. गाठीकडे रक्त किती वाहते, हेही पाहता येते. रोग्याला बोटे हलवावयास किंवा शब्द आठवावयास सांगितले, की मेंदूचा कोणता भाग त्या कामी लागला ते दिसते. म्हणजे शस्त्रवैद्याला वाचेला व हाताला धक्का न लावता वाट आखता येते.

तरीही साक्ष मिळाली म्हणजे निवाडा झाला, असे नव्हे. गाठीची जात निश्चित करण्यासाठी बहुधा तिचा कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासावाच लागतो. उपचार झाल्यावरही काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा चित्रे घ्यावी लागतात. येथे क्ष-किरण नसल्यामुळे तसे करता येते. त्यातही एक चकवा आहे. किरणोपचारानंतर पहिल्या काही महिन्यांत गाठ कधी कधी वाढल्यासारखी दिसते. वस्तुतः ती उपचाराने आलेली सूज असते. घाईने उपचार बदलला, तर लागू पडणारे औषध बंद होते. नुसताच धीर धरला, तर खरोखर वाढणाऱ्या गाठीला मोकळे रान मिळते. म्हणून वैद्य रक्तप्रवाहाचे चित्र पाहतो, रोग्याचे चालणेबोलणे पाहतो, आणि तरीही शंका उरली तर काही आठवड्यांनी पुन्हा चित्र घेतो.

मागचे चित्र आणि आजचे चित्र शेजारी शेजारी लावून तो एकेक रेघ न्याहाळीत असतो. दाराबाहेर रोग्याच्या घरची माणसे बसलेली असतात. त्यांना यंत्राचे नावही धड उच्चारता येत नसेल. पण वैद्याने आत घेतलेला वेळ आपल्याच माणसासाठी आहे, हे त्यांना उमगलेले असते.