पायी चालणाऱ्याचे युनिट किती?

आमच्या तालुक्यात एक गाव आहे. गाव रुळाच्या अलीकडे आणि बौद्धवस्ती पलीकडे. शाळा, दवाखाना, रेशनचे दुकान सगळे गावात. रूळ ओलांडल्याशिवाय वस्तीतल्या माणसाचा एकही दिवस जात नाही. पूर्वी इथे बिनफाटकाचे क्रॉसिंग होते. दांडा नाही, गेटमन नाही. पण थोडे आधी रुळाच्या कडेला 'सी/फा' अशी पिवळी पाटी होती. सी म्हणजे सीटी, फा म्हणजे फाटक. ती पाटी आली की इंजिनचा ड्रायव्हर शिट्टी वाजवायचा आणि बायका लेकरांना मागे ओढायच्या.

पुढे ते क्रॉसिंग बंद करून खालून भुयारी रस्ता काढला. कागदावर सुरक्षा वाढली. प्रत्यक्षात पावसाळ्यात भुयारात कमरेएवढे पाणी साचते आणि लेकरं दप्तर डोक्यावर घेऊन पुन्हा रुळावरूनच जातात. फरक इतकाच झाला, की क्रॉसिंगबरोबर पाटीही गेली. आता शिट्टी वाजत नाही.

आम्ही चार कार्यकर्ते निवेदन घेऊन गेलो. साहेब सभ्य होते, चहा पाजला, फाईल काढली. म्हणाले, "इथली टीव्हीयू फार कमी होती हो." मित्रांनो, हा शब्द प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा. फाटकावर माणूस नेमायचा की नाही, वर पूल बांधायचा की नाही, हे ठरवताना हा आकडा पाहतात. दिवसाला किती रेल्वेगाड्या जातात आणि रस्त्यावरून किती वाहने जातात, त्यांचा गुणाकार म्हणजे टीव्हीयू. मोटारीला एक युनिट, बैलगाडीला एक, सायकलरिक्षाला अर्धा.

आम्ही विचारले, "साहेब, सरपणाचा भारा घेऊन जाणाऱ्या बाईचे किती युनिट?"

साहेब हसले. "पायी माणसाचे युनिट नसते."

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला होता, की राजकारणात एक माणूस एक मत, एक मत एक मूल्य आणि सामाजिक-आर्थिक जीवनात मात्र विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकत आहोत. त्या भाषणाच्या फोटोकॉप्या आम्ही वर्षानुवर्षे वाटल्या. पण बैलगाडीला एक, रिक्षाला अर्धा आणि बाईला काहीच नाही, इतका उघडा हिशेब त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

कुणी म्हणेल, वाहन रुळावर अडकले तर रेल्वेगाडीलाही धोका असतो, म्हणून वाहन मोजतात. मान्य. पण मरतो कोण? अनिल काकोडकर समितीने 2012 च्या अहवालात लिहिले, की रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे 15,000 माणसे मरतात, त्यातली सुमारे 6,000 मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. समितीने त्याला हत्याकांड म्हटले. पाच वर्षांत सगळीच लेव्हल क्रॉसिंग काढून टाका, खर्च 50,000 कोटी, असेही सांगितले. ही माणसे मात्र कायद्याच्या लेखी 'अनधिकृत प्रवेश' करणारी. कलम 147. मेल्यावरही गुन्हेगारच.

गाजले ते वाहनांचे अपघात. 24 जुलै 2014 ला तेलंगणातील मासाईपेटला आपल्या नांदेडहून सिकंदराबादला जाणाऱ्या पॅसेंजरखाली स्कूलबस आली. 26 एप्रिल 2018 ला कुशीनगरात स्कूलव्हॅनमधली 13 मुले गेली. दोन्ही क्रॉसिंग बिनफाटकाची. त्यानंतर वेग आला आणि जानेवारी 2019 अखेर ब्रॉडगेजवरची मानवरहित क्रॉसिंग संपल्याचे जाहीर झाले. चांगलेच झाले. आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण 'संपवले' म्हणजे प्रत्येक ठिकाणी फाटक बसवले असे नाही. कुठे रस्ताच बंद केला, कुठे शेजारच्या फाटकाला जोडला, कुठे आमच्यासारखे भुयार दिले.

आणि फाटक असले म्हणजे भागले असेही नाही. 8 जुलै 2025 ला तमिळनाडूत कडलूरजवळ स्कूलव्हॅनला पॅसेंजरने उडवले, तीन विद्यार्थी गेले. तिथे फाटक होते, गेटमनही होता, इंटरलॉकिंग नव्हते. इंटरलॉकिंग असेल तर फाटक बंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. नसेल तर सगळा भार फोनवर बोलणाऱ्या एका माणसावर. त्या अपघातानंतर इंटरलॉकिंगसाठीची टीव्हीयूची अट 20,000 वरून 10,000 वर आणली. म्हणजे पैसा होता, तंत्रही होते!

दोष नेहमीप्रमाणे शेवटच्या माणसावर येतो. अनेक फाटकांवर गेटमनची ड्युटी बारा तासांची असते, कारण कागदोपत्री त्याचे काम 'अधूनमधून'चे. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी, आपला माणूस आयुष्यभर गँगमनच का राहतो, हा प्रश्न मांडला होता. रुळावर काम करणारे तेव्हाही आपले आणि रूळ ओलांडणारेही आपले.

शेवटी आम्हीच गणती केली. बाजाराच्या दिवशी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दोघे जण बांधावर वही घेऊन बसलो. प्रत्येक माणसामागे एक रेघ. म्हातारी असो की कडेवरचे मूल, प्रत्येकाला पूर्ण एक. शाळा सुटायच्या आत पहिली वही भरली. माहिती अधिकारात तिथली जुनी वाहनगणतीही मागितली. तुमच्याकडे असे क्रॉसिंग असेल तर तुम्हीही मागा, गणतीची तारीख कोणती होती हे आवर्जून विचारा. आमच्याकडची गणती ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीतली निघाली.

दोन्ही वह्यांच्या झेरॉक्स निवेदनाला जोडल्या आहेत. पोच मिळाली आहे. उत्तर अजून नाही, आणि भुयारात परवापासून पाणी आहे.