चिठ्ठीवरचे दोन शब्द

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे झाकून कविता ठेवल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिसादांच्या आधारे 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' (१९२९) हा ग्रंथ सिद्ध केला. हा प्रयोग आम्ही एम.ए.च्या वर्गात वर्षानुवर्षे मोठ्या तोऱ्यात शिकवत आलो. वडिलांच्या छातीचा फोटो काढण्याची वेळ आली तेव्हा मात्र आम्ही नेमके उलटे वागलो.

खोकला हटत नव्हता. पूर्वी काही आजार होता का, एवढेच डॉक्टरांनी विचारले. आम्ही साद्यंत सांगितले : तरुणपणीचा क्षय, ती इंजेक्शने, बुडालेले वर्ष. कथनाची हौस, दुसरे काय! चिठ्ठीवर 'जुना क्षय' असे दोन शब्द उमटले आणि अहवालात उजव्या फुप्फुसातली छाया 'जुन्या क्षयाचा व्रण' ठरली. चिठ्ठीत खोटे काहीच नव्हते. अर्थ आधी ठरला आणि पाहणे नंतर झाले, इतकेच.

सात महिन्यांनी दुसऱ्या शहरातल्या क्ष-किरणतज्ज्ञ बाईंनी तोच फोटो प्रकाशपेटीवर लावला आणि आम्ही तोंड उघडताच हातानेच थांबवले. बराच वेळ पाहून झाल्यावर त्यांनी विचारले, "वडिलांचा एखादा जुना फोटो आहे का घरी?" ट्रंकेत होता, अकरा वर्षांपूर्वीचा. त्यात क्षयाचा व्रण डावीकडे होता. उजवी बाजू स्वच्छ. पुढच्या तपासण्यांत ती छाया कर्करोगाची निघाली.

म्हणजे पूर्वमाहितीनेच चकवले आणि पूर्वमाहितीनेच सोडवले. जेरोम ग्रूपमन यांच्या 'हाऊ डॉक्टर्स थिंक' (२००७) या पुस्तकात एका प्रयोगाची हकीकत आहे. छातीच्या एका फोटोत गळ्याजवळचे एक हाडच नव्हते. नेहमीची वार्षिक तपासणी समजून पाहणाऱ्या ६० टक्के तज्ज्ञांच्या ते ध्यानात आले नाही. कर्करोगाचा शोध चालला आहे असे कळल्यावर ८३ टक्क्यांना ते उमगले. तेव्हा माहितीवर पडदा टाकला की दृष्टी निर्मळ होते, हे आम्हांला आता पटत नाही. रिचर्ड्स यांच्या विद्यार्थ्यांपुढेही नावे नव्हती. ठरीव प्रतिसाद मात्र होतेच.

अलीकडे वर्गात आम्ही नाव झाकून कविता देतो, टिपण लिहून घेतो, मग नाव सांगतो आणि त्याखालीच दुसरे टिपण मागतो. पहिले खोडायचे नाही, एवढा एकच नियम. 

वडील त्यानंतर चौदा महिने होते. ती चिठ्ठी अजून आमच्या फायलीत आहे. अक्षर डॉक्टरांचे, शब्द आमचे.