प्राचार्यांची खुर्ची

आमच्या सूनबाई गेली चौदा वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवितात. मागच्या महिन्यात तेथील संस्थाचालकांनी त्यांना प्राचार्यपद देऊ केले. पेढे आले, आमच्या मंडळींनी ते देवापुढे ठेवले, नातवाने त्यांतले दोन लंपास केले. परंतु सूनबाईंच्या चेहऱ्यावर म्हणावा तसा आनंद दिसेना. रात्री जेवणे झाल्यावर त्या म्हणाल्या, "मामंजी, पगार वाढतो आहे, पण तास एकही राहणार नाही. प्रवेशांचे आकडे तेवढे पाहावयाचे. काय करू?"

आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. दिलसुखनगरात राहणाऱ्यास हा प्रश्न अधिकच अवघड वाटावा. आमच्या गच्चीवरून मेट्रोच्या खांबांपर्यंत नजर टाकली, तर शिकवणीवर्गांच्या फलकांवाचून दुसरे काही दिसत नाही. त्यांवर मुलांची छायाचित्रे असतात, त्यांचे क्रमांक असतात, क्वचित मालकांचा हसरा चेहराही असतो. शिकवितो कोण, हे मात्र शोधूनही सापडत नाही.

आमचे वडील परभणीहून निजामाच्या चाकरीत हैदराबादेस आले. पुण्यात शिकण्याची त्यांची इच्छा राहून गेली, म्हणून फर्ग्युसन महाविद्यालयाचे नाव ते एखाद्या दैवताचे घ्यावे तसे घेत. त्यांच्याकडून ऐकलेले आणि पुढे स्वतः वाचलेले आम्ही त्या रात्री सूनबाईंना सांगितले.

डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन सुरू झाले. वीस वर्षे, महिना सुमारे पाऊणशे रुपयांत काम करण्याचे व्रत घेतलेले आजीव सभासद ती संस्था चालवीत. प्राचार्य हाही त्यांच्यापैकीच एक. म्हणजे खुर्ची होती, पण ती इतरांच्या बैठकीहून फारशी उंच नव्हती. यामुळे तंटे टळत असत असे नव्हे. बाहेरच्या मिळकतीच्या प्रश्नावर वाद विकोपास गेला आणि १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे हे संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते. ते १८९२ मध्ये चौतिसाव्या वर्षी वारले. त्यांच्यामागून आगरकर आले. एकीकडे महाविद्यालय, दुसरीकडे 'सुधारक', आणि छातीत दमा. तीनच वर्षांत, १८९५ च्या जूनमध्ये, चाळिशीही न गाठता तेही गेले. पुढे गोळे यांनी ती धुरा वाहिली.

आणि १९०२ साली रँग्लर परांजपे प्राचार्य झाले. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा हा मुलगा फर्ग्युसनमध्येच शिकला, सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला आणि १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. सरकारी नोकरीत कितीतरी पटींनी वेतन मिळाले असते. परंतु परत येऊन सोसायटीची सेवा करीन, असा शब्द त्यांनी निघण्यापूर्वीच दिला होता, आणि तो पाळला. खुर्चीवर बसले तेव्हा वय अवघे सव्वीस! त्या खुर्चीवर त्यांनी जवळजवळ दोन दशके काढली आणि गणित शिकविणे सोडले नाही. त्यांच्या घराने आपल्या कन्येसोबत हुजूरपागेत शिकणाऱ्या एका मुलीला मायेने ठेवून घेतले. त्याच पुढे समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे झाल्या.

सूनबाई येथे थांबवून म्हणाल्या, "म्हणजे चुकलेच नाहीत का ते कधी?"

प्रश्न रास्त होता. १९०५ साली विदेशी कापडाच्या होळीबद्दल परांजप्यांनी आपल्या एका विद्यार्थ्यास दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. तो विद्यार्थी म्हणजे सावरकर. टिळकांनी 'केसरी'तून प्राचार्यांवर कडक टीका केली. आम्हांसही तो दंड आजवर पटलेला नाही. तथापि वर्गात उभे राहून रोज मुलांच्या डोळ्यांना डोळे भिडविणाऱ्या माणसाची ती चूक होती. कार्यालयातून कागद धाडणाऱ्याची नव्हती. आम्हांस हा भेद मोठा वाटतो. इतरांस वाटेलच असे नाही.

इतके दूर तरी कशाला जावे? आमच्या येथून मलकपेट, चादरघाट ओलांडून मुसीकाठच्या सिटी कॉलेजापाशी गेले की नरहर कुरुंदकरांची आठवण होते. मामा नांदापूरकरांकडे राहून ते तेथे शिकत. परीक्षांनी त्यांना फार छळले. नांदेडात आधी शाळेत शिकविले, मग महाविद्यालयात, आणि अखेर पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य झाले. १९८२ च्या फेब्रुवारीत औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे प्राण गेले. मोठे वक्ते म्हणून ते सर्वांच्या लक्षात आहेत. वर्गात त्यांच्यापुढे बसलेले लोक मात्र 'सर' एवढाच शब्द उच्चारून गप्प होतात.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सूनबाईंनाही ती ठाऊक नव्हती. फार वर्षांपूर्वी आम्ही अकरा महिने प्रभारी प्राचार्य होतो. तेवढ्या काळात एकदाही वर्गात पाऊल टाकले नाही. वेळ मिळत नाही, असे सर्वांस सांगत असू. खरे म्हणजे फाइली आम्हांस आवडू लागल्या होत्या. मुदत संपल्यावर पहिल्या तासास गेलो, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने उठून अदबीने विचारले, "सर, आप कौनसा सब्जेक्ट पढ़ाते?" वर्ग हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते.

सूनबाई काही वेळ बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चालकांना कळविले की, पहिल्या वर्षाचे आठवड्यातून तीन तास आपल्याकडे राहत असतील तर पद स्वीकारू. आमच्या मंडळींना हा हट्ट वाटला. पेढे परत करावे लागणार का, असेही त्यांनी विचारून घेतले.

चालकांचे उत्तर अद्याप आलेले नाही. काल रात्री उशिरापर्यंत सूनबाई वह्या तपाशीत बसल्या होत्या.