मर्फीबाईंचा हरवलेला 'ओ'

कॉर्क शहरात आम्ही मर्फीबाईंकडे उतरलो होतो. आयर्लंडात सर्वांत अधिक आढळणारे आडनाव हेच. आयरिश भाषेत ते 'ओ मुरखू'! मी मोठ्या कष्टाने हसू दाबले. पण अर्थ कळताच ओशाळलो. 'ओ' म्हणजे वंशज आणि मूळपुरुषाच्या नावाचा अर्थ सागरी योद्धा. इंग्रजी अमलात पुष्कळ घराण्यांचा 'ओ' गळाला. १९व्या शतकाच्या अखेरीपासून काहींनी तो पुन्हा लावला; मर्फींनी क्वचितच.

"आमच्या नावात पूर्वज, तुमच्या नावात गाव," बाई म्हणाल्या. "आमचे वराडकर पंतप्रधान असताना २०१९ मध्ये वडिलांच्या वराड गावी जाऊन आले. तुम्हीही 'कर'च ना? कसे आहे हो तुमचे गाव?"

मी निमूटपणे चहाचा कप उचलला. चाळिशी उलटली, तरी ते गाव मी पाहिलेले नाही.

यंदा दिवाळीच्या सुटीचे तिकीट मात्र तिकडचेच काढले आहे.