हातचा नाही

कोपर मागे पडलं तेव्हा शेजारची शाळकरी मुलगी वहीच्या मागच्या पानावर एकांच्या ओळी मांडत होती. नऊ एकांना नऊ एकांनी गुणणं चाललं होतं. डोंबिवली आली, वही मिटली, ती उतरली. उत्तर मला ठाऊक होतं: १२३४५६७८९८७६५४३२१. तरी हळहळ वाटली. ते उत्तर कागदावर उतरताना पाहायचं असतं.

आणि तेही डोंबिवलीला! देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना असल्या संख्या याच स्टेशनावर सुचल्या, म्हणून स्टेशनाच्या जुन्या नावावरून त्यांनी त्यांना डेम्लो म्हटलं. माणसाच्या नावापेक्षा संख्येला गावाचं नाव मला जास्त शोभून दिसतं.

महिना संपला की आजोबा कॅलेंडरचं पान माझ्यापुढे पालथं घालत. पहिल्या दिवशी अकरा गुणिले अकरा. दुसऱ्या दिवशी एकशे अकरा. रोज एकेक एक वाढायचा, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकायची. बेरजेला लागलो की आजोबा विचारायचे, "हातचा?" मी म्हणायचो, "नाही." नऊ एकांच्या दिवशी मधल्या रकान्यात बरोबर नऊ भरले आणि डोंगर पुरा झाला. पुढच्या दिवशी मी दहा एक मांडले. मधे दहा आले. शून्य मांडलं, हातचा एक. शेजारच्या नवाचे दहा झाले, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो आठात मिळाला. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढावरचा आठ नाहीसा! तीनदा खोडलं, तीनदा तेच आलं. मला रडू फुटलं. आजोबा म्हणाले, "मांडलेले एक मोज बाळा." नऊ ओळी, नऊ नऊ एक, म्हणजे एक्क्याऐंशी, कालच्या उत्तरातल्या अंकांची बेरीजही एक्क्याऐंशी. एकही एक सांडला नव्हता. आजचे एक शंभर, अंकांची बेरीज ब्याऐंशी. अठरा कुठे गेले? दोन हातचे. दर हातच्याला दहांचा एक होतो, नऊ जातात. ते पान मी कितीतरी वर्षं जपलं.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच हर्षद म्हटलं. नऊ एकांच्या डोंगराची संख्या त्यांतलीच. एक्क्याऐंशीने भागली की १२३४५६७९चा वर्ग हाती येतो. आठ इथंही नाही.

लाख कोटी, कोटी कोटी असं म्हणणं मला रुचत नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त प्रत्येक स्थानाला स्वतःचं नाव आहे. सतरा अंकांच्या या संख्येचा पहिला एक 'मध्य' या स्थानावर उभा. परार्ध आणखी एक घर पुढे. गाडी सुटली तसा मी मनात सावकाश चढू लागलो: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद. मग आठ कोटी, सात प्रयुत. ठाकुर्लीला मी सहा लक्षांवर होतो.